दोघांनी चालवलेली गाडी

राऊत भाऊसाहेबांना कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये ते नेहमी मागच्या दाराशी बसत, कारण ते दार खडखडायचं. एका हाताने दार धरून, दुसऱ्या हाताने त्याची कडी चाचपत ते अख्खा घाट काढत आणि उतरताना जीपवाल्या रमणला म्हणत, "हे असंच का ठेवायचं? उद्या मी एक वायसर घेऊन येतो."

रमण त्यांना हात जोडायचा. त्याला कारण होतं. एकदा जीपचा हॉर्न दबका वाजतो म्हणून भाऊसाहेबांनी बॉनेट उघडून काहीतरी जोडलं, आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. वाटेतल्या पाड्यांवरची माणसं हातातली कामं टाकून रस्त्याला आली. कोणी मोठा माणूस चाललाय असं समजून बायकांनी पदर सावरले. भाऊसाहेब गंभीर चेहऱ्याने समोर बघत बसून होते. शेवटी रमणने गाडी बाजूला घेऊन वायरच उपटून काढली. त्यावर भाऊसाहेब एवढंच म्हणाले की आवाज मात्र सुधारला होता.

मी मोखाड्याच्या पंचायत समितीत लागले तेव्हा ते तिथले जुने कर्मचारी होते. बारीक अंगाचे, पुढे थोडे वाकलेले, खिशात पेनाशेजारी टेस्टर. जव्हारला आमची घरं एकाच गल्लीत होती, त्यामुळे जाणंयेणं बरोबरच होई. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते मीनाताई म्हणत. मूल त्यांना नव्हतं.

कचेरीतली एक खिडकी पावसाळ्यात वाऱ्याने आपटायची. भाऊसाहेबांनी ती उतरवून, कडा तासून पुन्हा बसवली. ती इतकी घट्ट बसली की उन्हाळ्यात सगळे घामाने भिजत असतानाही उघडेना. पण सूर्यमाळकडचा एक म्हातारा पेन्शनच्या कामासाठी खेटे घालायचा, त्याच्या चष्म्याची एक काडी गेली होती आणि तिथे त्याने सुतळी बांधली होती. भाऊसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत त्याला आपल्या डब्यातली भाकरी खायला बसवलं आणि समोर बसून तांब्याच्या तारेची काडी करून दिली. तो चष्मा टिकला. म्हातारा पुढे नुसता त्यांना भेटायलाही यायचा, करवंदांच्या दिवसांत पानांचा द्रोण भरून घेऊन.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. शालिनीवहिनी खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या. जव्हारला अंगणवाडी चालवायच्या. मोठ्याने हसायच्या, भरभर बोलायच्या आणि बोलता बोलता माहेरची भाषा मध्येच घुसायची. भाऊसाहेब टेस्टर घेऊन मिक्सरकडे निघाले की त्या विचारायच्या, "चालतंय ना? मग हात लावू नका." ते मुकाट्याने परत येऊन बसायचे. मला हसू यायचं. कचेरीत साहेबांनाही न जुमानणारा हा माणूस एवढ्या एका वाक्याला वचकून असायचा.

एका सकाळी नागलीची भाकरी थापता थापता वहिनी चुलीपाशीच कलंडल्या. आधी इथल्या दवाखान्यात, मग नाशिकला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीवर आला. हात नाही आला. मूठ आवळलेली, मनगट आत वळलेलं. बोलणंही अडखळायला लागलं, आणि शाळेत शिकलेली मराठी मागे पडून माहेरची बोलीच आधी तोंडात येऊ लागली. भाऊसाहेब जव्हार गावातले. त्यांना त्यातलं अर्धं कळायचं.

नाशिकच्या व्यायामाच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. वहिनींनी तो डाव्या हाताने अंगणात भिरकावला. मी काय अंगणवाडीतलं पोर हाय का, असं म्हणाल्या. भाऊसाहेबांनी चेंडू शोधून आणला, त्यांनी पुन्हा फेकला. व्यायामाचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या.

दिवाळीला भाऊसाहेबांचा भाचा ठाण्याहून आला. नोकरी करणारा, लग्नाच्या वयाचा माणूस, पण कॉलेजात असतानाचं एक खेळायचं यंत्र अजून जवळ बाळगून होता. दोन्ही हातांत आडवं धरायचं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. मागे छोटी डिस्क घालायची. तो ओटीवर बसून मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होता आणि वहिनी खुर्चीतून बघत होत्या. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर एक लाल गाडी. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की हा तर आमच्या खोडाळ्याचा रस्ता आहे. मग त्यांनी डावा हात पुढे केला.

गाडी पळवायचं बटण उजव्या अंगठ्याखाली होतं. दाबून धरलं तर गाडी पळणार, सोडलं की थांबणार. वळवायचं काम डाव्या अंगठ्याचं. पण वहिनींचा डावा हात यंत्रावर असला की तोच उजव्याच्या मदतीला धावायचा. म्हणून भाऊसाहेब त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि यंत्राची डावी बाजू त्यांनी धरली. उजवी वहिनींच्या मांडीवरच्या उशीवर टेकवली, त्यांची मूठ एकेक बोट उलगडून बटणावर ठेवली. वहिनींनी डाव्या हाताने भाऊसाहेबांचा दंड धरला. गाडी हातभर पुढे गेली आणि थांबली.

भाचा यंत्र ठेवूनच गेला.

त्यानंतर जीपमध्ये रोज सकाळी एकच विषय असायचा. भाऊसाहेब दाराची कडी विसरले. काल गाडी पहिल्या वळणापर्यंत गेली, काल पुलावर थांबली, काल बोगदा पार केला, असं ते सांगायचे. बाजाराला जाणाऱ्या बायका, शिक्षक, रमण, सगळे ऐकायचे. एखाद्या दिवशी ते गप्प असले तर कोणीतरी विचारायचंच, "वहिनींची गाडी कुठवर आली?" एकदा ते म्हणाले की काल मीच दरीत घातली, ती एवढी रागावली की तिच्या तोंडून पूर्ण वाक्य बाहेर पडलं. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण स्वतःशीच हसत राहिले.

होळीच्या सुमाराला वहिनींच्या मुठीत चमचा राहायला लागला. मी एकदा संध्याकाळी गेले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसून खेळत होते. डोकी जवळ आलेली, गाडी वळली की दोघंही त्या बाजूला झुकत. मी आल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी तशीच मागे फिरले.

पावसाळ्यात यंत्र कुरकुरायला लागलं. डिस्क फिरताना घासल्याचा आवाज यायचा, कधी खेळ मध्येच अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. भाऊसाहेबांच्या मनात धास्ती बसली. अशा डिस्का आता मिळत नव्हत्या, ती फिरवणारा भागही मिळत नव्हता. भाच्याने फोनवर सांगितलं की खेळ यंत्रातल्या मेमरी कार्डावर घालून चालवता येतो, मग डिस्कची गरज नाही. पण त्यासाठी यंत्राचं फर्मवेअर बदलावं लागतं. म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर त्याला आपण कोण आणि काय करायचं हे जे आतून सांगतं, तेच पुसून दुसरं भरायचं. याला फ्लॅश करणं म्हणतात, आणि नीट झालं तर काही मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. आठवडाभर भाऊसाहेब त्याचे व्हिडिओ बघत होते.

त्या रविवारी दुपारी मी वहिनींचे केस विंचरायला गेले होते. भाऊसाहेबांनी टेबलावर यंत्र मांडलं होतं. वहिनी म्हणाल्या, "चालतंय ना?"

"आज चालतंय, शालू. उद्या बंद पडलं तर?"

बॅटरी पूर्ण भरलेली दाखवत होती, चार्जरही लावलेला होता. काम अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. बॅटरीने सांभाळून घ्यायला हवं होतं, पण ती म्हातारी झाली होती. वरून भरलेली दाखवायची आणि आतून रिकामी. पडदा काळा झाला.

वीज आली तेव्हा बटण सरकवल्यावर हिरवा दिवा तेवढा लागला. पडदा काळाच. भाऊसाहेबांनी पुन्हा सरकवलं, पुन्हा हिरवा दिवा. मी फणी हातात धरून उभी होते. वहिनी त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

नाशिकच्या एका दुकानदाराने यंत्र हातात घेऊन सांगितलं की हे ब्रिक झालंय, म्हणजे वीट झालीय, घरी ठेवून द्या. भाऊसाहेबांनी तिथूनच दुसरं एक खेळायचं यंत्र आणलं. त्याची बटणं कडक होती, वहिनींचा अंगठा दुखायचा. मोबाइलवरच्या खेळात बोटाला दाबच लागत नव्हता. दोन्ही त्यांनी बाजूला सारली. मग भाऊसाहेबांनी विटेलाच उठवायचं ठरवलं.

ते अगदीच अशक्य नव्हतं, हे खरं. यंत्र जुन्या घडणीचं होतं, आणि अशा यंत्रांसाठी एक वाट होती. बॅटरीच्या आत एक चिमुकली चिप असते. तिचा एक पाय सोडवला की यंत्र त्या बॅटरीला दुरुस्तीवाल्याची बॅटरी समजतं, आपलं आतलं काही न वाचता थेट कार्डावरून उठतं. मग कार्डावर खास तयारी करून ठेवलेलं चांगलं फर्मवेअर पुन्हा भरता येतं. इंटरनेटवरच्या एका गटातला कोणी अनोळखी माणूस त्यांना हे हिंदीत बोलून पाठवायचा. जीपमध्ये भाऊसाहेब फोन कानाला लावून तेच तेच ऐकत बसायचे. गाडी कुठवर आली, असं आता कोणी विचारत नव्हतं.

पहिली बॅटरी उघडताना पाती खोल गेली आणि ती फुगली. दुसरीचा भलताच पाय तुटला. रविवार नाशिकच्या जुन्या बाजारात जायचा आणि बाकीच्या संध्याकाळी टेबलापाशी. टेबल खिडकीशी होतं आणि वहिनींची खुर्ची त्यांच्या पाठीमागे. कामावर असलेली मावशी व्यायाम करून घ्यायची, पण वहिनी तिला हात देत नसत. मूठ पुन्हा आवळत चालली. भाऊसाहेब झोपायच्या आधी खोबरेल तेल लावून बोटं चोळायचे आणि सांगायचे की आता थोडंच राहिलंय.

एकदा मी वहिनींना चहा पाजत होते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि खिडकीकडे मान केली.

"यांना सांग, उठा म्हनावं तिथून."

मला वाटलं त्यांना उजेड लागत नाहीये. मी खिडकीचा पडदा सरकवायला उठले, तर त्यांनी हात सोडला नाही. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"गाडी नाय पायजे. हितं बसा म्हन."

मी तो निरोप त्याच संध्याकाळी दिला. भाऊसाहेब भिंगातून बॅटरीत बघत होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली, म्हणाले, "हो, हो. एवढं झालं की बसतोच. तिच्यासाठीच चाललंय ना." मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढे अडलं ते कार्डावर. तयारी करायची तर कार्ड पार पुसावं लागणार होतं, आणि यंत्रातल्या कार्डावर दोघांनी पार केलेला सगळा रस्ता साठवलेला होता. तो पुसायला भाऊसाहेब तयार नव्हते. तसलं कार्ड आता कुठे विकत मिळत नव्हतं. शेवटी जव्हारच्याच एका फोटोवाल्याच्या खणात, जुन्या कॅमेऱ्यात अडकलेलं एक सापडलं.

थंडीतल्या एका सकाळी त्यांनी मला दारातूनच हाक मारली. मी गेले तेव्हा ते पहिल्यांदा वळून वहिनींकडे तोंड करून बसलेले होते, यंत्र मांडीवर घेऊन. पडद्यावर इंग्रजी ओळी सरकत होत्या. ओळी थांबल्या, पडदा काळा झाला, आणि मग निळा उजेड पडून नेहमीचं चित्र आलं. त्यांनी जुनं कार्ड परत घातलं. लाल गाडी तिच्या जागी उभी होती.

खुर्ची ओढून ते वहिनींच्या डाव्या बाजूला बसले. उशी ठेवली. मूठ उलगडायला पूर्वीपेक्षा कितीतरी वेळ लागला. अंगठा बटणावर ठेवला.

"दाब, शालू."

बाकीच्या गाड्या निघून गेल्या. लाल गाडी हलली नाही. वहिनी अंगठ्याकडे बघत होत्या, त्यांच्या कपाळावर घाम आला. भाऊसाहेबांनी त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबलं. गाडी थोडी गेली आणि वहिनींचा अंगठा घसरून उशीवर पडला. भाऊसाहेबांनी तो पुन्हा ठेवला. तो पुन्हा घसरला. वहिनींनी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"राहू द्या. बसा नुसतं."

भाऊसाहेब बसले. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहून घरघरत होती. मी तिथे आणखी थांबले नाही.

त्या दिवसानंतर टेबल त्यांनी आवरून टाकलं. साठवलेल्या रजा टाकल्या. मी जाईन तेव्हा ते खुर्चीशेजारीच असायचे. वहिनी काहीतरी बोलायच्या, बहुतेक लहानपणचं, त्यांच्या बोलीत, तुटक तुटक. भाऊसाहेब हं, हं करत ऐकायचे. न कळलेलं पुन्हा विचारायचे नाहीत. कधी वहिनी सांगायच्या म्हणून ते दोन्ही हातांनी गाडी चालवून दाखवायचे. त्यांना ती नीट जमायची नाही आणि वहिनी बऱ्या बाजूने हसायच्या.

शिमग्याच्या आधी दुसरा झटका आला. या वेळी नाशिकपर्यंत पोचायची वेळ आली नाही.

तेराव्याला भाचा आला होता. निघताना भाऊसाहेबांनी ते यंत्र पुसून, रुमालात बांधून त्याला परत दिलं. त्याने ठेवून घ्या म्हणून खूप सांगितलं. ते म्हणाले की चालू स्थितीत आहे, घेऊन जा.

पुन्हा जीपने जायला लागल्यावर ते मागच्या दाराशीच बसायचे. मग एकदा घाट चढताना, बाहेर बघतच, मला म्हणाले, "डिस्क आणखी वर्षभर तरी चालली असती, मीनाताई. मला भ्यायची एवढी काय गरज होती?"

मी म्हणाले की वीज जाणार हे कोणाला माहीत होतं.

"विजेचं नाही. वीज जाऊ शकते. तुम्ही निरोप दिला होतात ना तिचा? मला ऐकू आला होता. ऐकू आला, कळलाही. आणि मी तिथंच बसून राहिलो."

मोखाडा आलं, सगळे उतरले. ते दोन पावलं पुढे जाऊन थांबले, मी त्यांच्यापाशी पोचेपर्यंत उभे राहिले आणि आम्ही बरोबरच कचेरीत गेलो.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. सत्काराला शाल घेतली, चार शब्द बोला म्हटलं तर हात जोडले. थोड्याच दिवसांत गल्लीतलं त्यांचं घर बंद दिसायला लागलं. कोणी म्हणालं ठाण्याला गेले, कोणी म्हणालं नाशिकला.

मला ते भेटले ते उन्हाळ्यात. पाण्याचे टँकर कुठे पोचत नाहीत ते बघायला आम्हाला खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यांवर पाठवलं होतं. एका पाड्यावर विहिरीची पाहणी करून परतताना एका कुडाच्या घराच्या ओट्यावर मला भाऊसाहेब दिसले. शेजारी एक अगदी थकलेली म्हातारी बसली होती, डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू. वहिनींची आई. घरात ती एकटीच होती, आणि लेक गेल्यावर तिचं असं कोणी उरलं नव्हतं.

मी जवळ गेले. चाहूल लागताच म्हातारीने विचारलं, "कोन हाय?" भाऊसाहेबांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, कचेरीतली आमची मीनाताई. तिने मला जवळ बसवून माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि काहीतरी सांगायला लागली. मला त्यातलं शालू एवढंच कळलं. मग ती पुन्हा भाऊसाहेबांकडे वळून बोलायला लागली, न थांबता.

ते जाड झाले नव्हते की वाळले नव्हते. दाढी वाढली होती. खिसा रिकामा होता. इथे करमतं का, असं मी विचारलं.

"हिचं सगळं बोलणं कळत नाही मला," ते हळू आवाजात म्हणाले. "पण शालूच्या आवाजासारखा आवाज आहे. ही बोलत असली की मी हलत नाही."

चहाला थांबा म्हणाले, पण आमची जीप पुढच्या पाड्यावर जायची होती. मी निघते म्हटल्यावर ते नेहमीच्या सवयीने उठायला लागले. म्हातारी बोलतच होती. ते अर्धे उठलेले पुन्हा खाली बसले आणि बसल्या जागेवरूनच त्यांनी मला हात केला.

जीप वळेपर्यंत मी मागे बघत होते. म्हातारी हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि भाऊसाहेब तिच्याकडे तोंड करून बसले होते.